घडी न मोडलेला खण

प्रिय आक्का,

हसू नकोस. हयातीत तुला कधी चार ओळींचं पत्र धाडलं नाही. फोनवरसुद्धा ‘काय चाललंय’ आणि ‘ठेवते’ याच्या मधे फार काही बोलले नाही. आणि आता तू जाऊन आठ महिने झाल्यावर ही बाई कागद-पेन घेऊन बसलीय! पण बसावंच लागलं. मागच्या आठवड्यात तुझा खण माझ्या ओटीत आला.

तुझा म्हणजे मूळचा माझा. जांभळा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. अडीच वर्षांपूर्वी पणदऱ्याला, तुझ्या धाकट्या नातवाच्या जावळाला, मीच तो तुझ्या ओटीत घातला होता. तो फिरत फिरत इंदापुरात माझ्याच दारी परत आला.

शेजारच्या कल्पनाच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. सजवलेला झोपाळा, फुलांचे दागिने, फोटोवाला, सगळं साग्रसंगीत. निघताना कल्पनानं ओटी भरली. गहू, नारळ, खण. मला कधीपासूनची ब्रश गुंडाळून ठेवायला एक पिशवी शिवायची होती. घरी येऊन म्हटलं, रंग बरा आहे, ह्याचीच शिवू. घडी मोडली आणि आतून एक कार्ड फरशीवर पडलं.

माझंच कार्ड, आक्का! माझ्या हातचं. वर पांढरी गाय, तिच्या पोटावर हिरवा डाग. आत माझ्याच अक्षरात: ‘आक्का, तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं. आईच्या पदराचा धड असा एवढाच तुकडा राहिलाय, तो तुझा. सुमी.’ आणि खाली चिकटवलेला तो तुकडा, बोटभर लांब, लाल.

म्हणजे तू हे कधी वाचलंच नव्हतंस!

आणि मी अडीच वर्षं धरून चालले होते की तू वाचलंस, आणि वाचूनही माझ्याशी तुटक वागत राहिलीस. सांग आता, बोल कुणाला लावू?

तू गेलीस ती माझ्यावर रागावूनच गेलीस का? या एका प्रश्नापायी हे पत्र आहे. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं. तुला बरंचसं ठाऊक असलं तरी मला एकदा ओळीनं मांडू दे.

माझ्या रंगांना तू कधी नावं ठेवली नाहीस, पण कौतुकही केलं नाहीस. ‘सुमीचं रंगकाम’ म्हणायचीस, जसं काही मी घरांना चुना देत फिरते! अंगणवाडीतलं काम सोडलं तेव्हा तक्त्यांसाठी आणलेली जलरंगाची एक डबी उरली होती, बारा वड्यांची. आंबा, केळ, गाजर रंगवून रंगवून पिवळी आणि केशरी वडी झिजलेली, बाकीच्या जवळजवळ कोऱ्या. ती डबी घरी आली आणि मला नादच लागला.

आमचे हे लोणी देवकरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेले की सात ते आठ माझा तास. मागच्या दारी डाळिंबाचं एक झाड आहे. त्याचं फूल काढायला बसलं की कळतं, आपण जन्मभर त्याला नुसतं लाल म्हणत आलो. कडेला ते केशरी असतं, देठाशी पिवळट, आणि सावलीत तर चक्क जांभळं. पाण्यात बुडवलेला ब्रश कागदावर टेकवला की रंग आपला आपण पसरत जातो. आवरायला गेलं की बिघडतो. मला तेच आवडतं बघ. दिवसभर घरातलं सगळं मी ओढत असते, तिथं मला कुणी काही ओढायला सांगत नाही.

आणि कागद? लग्नपत्रिकांचा! लग्नसराईत घरात पत्रिकांचा ढीग होतो. गुळगुळीत पत्रिकेवर पाणी ठरत नाही, पण एखादी जाड, खरखरीत कागदाची आली की मला वधू-वराआधी तिची पाठ बघायची घाई. हे म्हणतात, “अगं, लगीन कुणाचं हाय ते तरी वाच!” छापलेली बाजू आत घालून, तिच्यावर पांढरं पान चिकटवून मी कार्डं करते. कुणाचा वाढदिवस, कुणाचा दहावीचा निकाल, कुणाला बरं नाही. आमच्याकडं दूध घालणाऱ्या ताईंना मी त्यांच्या म्हशीचं चित्र काढून दिलं, तर त्यांनी ते देव्हाऱ्याशेजारी लावलं! अजून काय पाहिजे माणसाला?

पण मला रंग दाखवले ते तूच. आठवतं का, आपल्या माहेरी, कोऱ्हाळ्याला, बेंदराच्या आदल्या दिवशी? तात्यांनी बैलांच्या शिंगांसाठी रंग आणून फळीवर ठेवला होता आणि आपल्याला हात लावायची बंदी केली होती. तू मला गोठ्यामागं नेलंस. एका वाटीत हळद कालवलेली, एका वाटीत कपड्यांची नीळ.

“ह्ये बघ सुमे, दोनी येक केलं की हिरवं हुतं.”

आणि खरंच झालं! मी डोळे फाडून बघत राहिले. त्या आनंदात आपण दोघींनी पांढऱ्या गाईचं अख्खं पोट हिरवं केलं. तात्या ओरडले, “गाय हाय का पोपट हाय ह्यो?” आणि आई पदर तोंडाला लावून हसत बसली. गाईच्या पोटावरचा तो डाग महिनाभर गेला नाही. तात्या तिला ओढ्यावर नेऊन घासायचे आणि येणारा-जाणारा विचारायचा, गाईला काय झालंय म्हणून.

म्हणून कार्डावर ती गाय काढली होती. बघताक्षणी तुला हसू फुटेल, मग आतलं वाचशील, असा माझा बेत.

आता त्या लुगड्याचं. आईचं इरकल लुगडं, काळसर हिरवं, लाल पदराचं. सणावाराला तेवढं नेसायची. आई गेली, दिवस झाले, वहिनीनं पेटी उघडली, तेव्हा तूच ते माझ्या हातात दिलंस.

“तुज्याकडं असू दे सुमे. माज्याकडं उंदरं, जनावरांचा पसारा.”

तू ते सांभाळायला दिलंस. मी ते मला दिलं असं धरलं. पुढं दोघींनीही त्यावर एक शब्द काढला नाही.

दोन वर्षं ते माझ्या कपाटात होतं. एकदा ऊन द्यायला बाहेर काढलं तर घडीवर विरलेलं, दोन ठिकाणी कसर लागलेली. जीव हळहळला. आणि मग एकदम मनात आलं, ह्याचा पदर पोरांच्या हातात का जाऊ नये? त्या दिवाळीला मी नऊ कार्डं केली, घरातल्या नऊ पोरांना नऊ. प्रत्येकावर एक पणती रंगवली आणि तिच्या खाली पदराची एकेक पट्टी चिकटवली. चार दिवस मी नुसती तरंगत होते. एवढी खूश मी माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा नव्हते. तिथं चप्पल लागत होती.

दिवाळी उरकून आम्ही दोघं पणदऱ्याला आलो. तू ओसरीवर मशीनवर बसली होतीस. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तुझ्याच हातचे, त्यामुळं सणाआधी आणि सणानंतर तुला उसंत नसायचीच. तुझी नात आर्या पळत आली आणि तिनं तुला माझं कार्ड दाखवलं. तू चष्मा सारखा केलास. ती पट्टी बोटानं चाचपलीस.

“ह्यो कुठल्या कापडाचा गं?”

“आईच्या पदराचा,” मी कौतुकानं म्हणाले. तू पाठीवर हात फिरवशील असं वाटत होतं मला!

तुझे मशीनवरचे पाय थांबले. “कात्री लावलीस?”

“अगं, कसर लागली होती त्याला...”

“मला जाताना त्येच नेसून जायचं व्हतं.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात. तुला ते दुकानातलं कोरं नको होतं, आईचं हवं होतं. तू कधी बोलली नव्हतीस, मला कधी सुचलं नव्हतं. त्या क्षणी मी ‘चुकलं’ म्हणाले असते तर? एवढासा शब्द! पण माझी जीभ तुला ठाऊकच आहे. “पेटीत कुजण्यापेक्षा पोरांच्या हातात राहिलं तर काय बिघडलं?” असं म्हणाले मी. आणि वर, “आत्तापासून कशाला त्या मरायच्या गोष्टी?”

तू कार्ड आर्याला परत दिलंस आणि सुईत दोरा ओवत म्हणालीस, “जित्त्या माणसाला इचारायचं आस्तं, सुमे.”

बस्स, तेवढंच. नंतर चहा केलास, डबा भरून चकल्या दिल्यास. पण गाडीपर्यंत सोडायला आली नाहीस.

खरं सांगू? अजूनही मला वाटतं, माझं अगदीच काही चुकलं नव्हतं. वस्तू हाताळली गेली, कुणाच्या उपयोगी पडली, की तिच्यातलं माणूस जवळ राहतं. तुझं म्हणणं, वस्तू अख्खी राहिली तरच ती त्या माणसाची. दोघींचंही बरोबर असेल. पण मी विचारलं नाही. ते चुकलं, त्याला दुसरं नाव नाही.

म्हणून ते कार्ड केलं. तोंडानं बोलवेना. तू समोर आलीस की मी अजून आठ वर्षांचीच होते, त्याला मी काय करू? म्हटलं, खणाच्या घडीत घालू. शिवणारी बाई तू, जांभळा तुझ्या आवडीचा, दोन दिवसांत कापायला घेशीलच. जावळाच्या गर्दीत मी तुझी ओटी भरली. तू “असू दे, असू दे” करत खण बाकीच्या ढिगावर ठेवलास आणि जेवणाच्या पंगतीकडं बघायला गेलीस.

मग मी फोनची वाट बघितली. आठवडा झाला, महिना झाला. पुढं कुणाकुणाच्या कार्यात आपण भेटत राहिलो. तू “बरी हाईस का” विचारायचीस, रीतीनं ओटी भरायचीस आणि दुसऱ्या बाईकडं वळायचीस. मग मलाही ताठा चढला. म्हटलं, माफी मागितली, आता काय पायावर डोकं ठेवू?

आणि श्रावणात तू गेलीस. सकाळी धारा काढल्यास, दूध डेअरीला धाडलंस, छातीत कळ आली, आणि बारामतीला नेईपर्यंत सगळं आटोपलं. मी इंदापूरहून पोचले तोवर वहिनीनं आणलेलं लुगडं तुझ्या अंगावर घातलं होतं. हिरवंच होतं, चांगलं होतं. कुणाला काही खटकलं नाही. मला एकटीला ते बघवलं नाही, मी दाराशी जाऊन उभी राहिले.

तर मागच्या आठवड्यात कार्ड हातात आल्यावर दोन दिवस मी ते उलटसुलट करून बघण्यात काढले. तिसऱ्या दिवशी कल्पनाला गाठलं. “तो जांभळा खण तुला कुणी दिला गं?”

ती बिचारी घाबरली. तिला वाटलं, मला खण आवडला नाही! “लोणी देवकरच्या नणंदेनं दिला, वास्तुशांतीला. म्या घडीबी मोडली न्हाय वो त्येची.”

नणंदेला फोन केला. तिला तो तिच्या मैत्रिणीनं दिलेला, कोऱ्हाळ्याच्या शोभानं. शोभा! आपल्या माहेरच्या आळीतली. तिच्या नातीच्या बारशाला तू गेली होतीस, ते मला आठवलं.

प्रत्येकीचं पालुपद एकच. घडी मोडली की देता येत नाही. आपल्या बायकांचा तो कायदाच आहे. खण आला की पिशवीत, पिशवीतून दुसरीच्या ओटीत. घडी मोडली की तो आपला, मग शिवा नाहीतर भांडी पुसा. माझं कार्ड इतक्या ओट्यांतून गहू-नारळासोबत फिरून आलं आणि एकीच्याही नजरेला पडलं नाही. हे मला कार्ड घालतानाच कळायला नको होतं? मी जन्मभर दुसरं काय केलं?

शोभाला फोन लावला. विचारलं, आक्कानं तो खण तुला देताना काही म्हटलं का.

“म्हणल्या की. ‘माज्या सुमीनं दिल्याला हाय, लई चांगला हाय, तुला घे.’ मी म्हणलं, आक्का, तुमीच शिवा की तुमाला. तर म्हणल्या, ‘मला काय, कुठलंबी चालतंय.’”

ही तुझी खोड! चांगलं हाती आलं की ते दुसऱ्याला. सगळ्या गावाचे ब्लाउज शिवलेस आणि स्वतः दंडाला ठिगळ लावलेला घालून फिरलीस. एकदा, फक्त एकदा स्वतःसाठी घडी मोडायचीस ना, आक्का!

फोन ठेवता ठेवता शोभानं सहज विचारलं, “आन तुमी वो? आक्कांनी तुमास्नी दिल्यालं तुमी तरी उगडून बघितलं का?”

ती हसत होती. मला हसू आलं नाही.

कारण नव्हतं बघितलं. आपलं बिनसल्यापासून तू तीनदा माझी ओटी भरलीस. तीन खण. तीनही मी द्यायच्या-घ्यायच्या पिशवीत टाकले, रागानंच टाकले म्हण. त्यातले दोन मी पुढं देऊनही टाकले. एक मोरपंखी, एक विटकरी. तिसरा पिशवीच्या तळाशी सापडला. डाळिंबी रंगाचा, गेल्या उन्हाळ्यात बारामतीच्या लग्नात दिलेला. हाताला जरा जाड लागला होता. मला वाटलं, सोबत अस्तर असेल.

घडी मोडली. खण नव्हता तो, आक्का. शिवलेला ब्लाउज होता!

बाह्या आत दुमडून, चौकोनी घडी घालून, कोपऱ्याला टाचणी टोचलेली. आतून अस्तर. पुढं हुका, मागून गळा बंद, मला आवडतो तसा. टाके बघूनच कळलं कुणाचा हात ते.

आणि ओटीत घालताना तू काय म्हणाली होतीस, ते तेव्हा कानात आलं. “घडी मोड बरं का, कुणाला दिऊ नगंस.” पण तसं तर सगळ्याच म्हणतात! म्हणायची रीतच आहे ती. तू खरोखर सांगत होतीस, हे मला कसं कळावं?

मी तो अंगात घालून बघितला. म्हटलं, बसणार नाही. तू माझं माप घेतलंस ते आई असताना, त्यानंतर मी चांगली सुटलेय. तर बसला! दंडात ओढत नाही, छातीवर ताणत नाही, कमरेला झोळ नाही. आरशासमोर उभी राहून मी तुलाच विचारत होते, हे माप आणलंस कुठून?

मग लक्षात आलं. त्या लग्नाच्या आधी साखरपुडा झाला होता. तिथं जेवताना तू समोरच्या रांगेत होतीस आणि घास हातात धरून माझ्याकडं टक लावून बघत होतीस. मला वाटलं, हिचा राग अजून धुमसतोय. मी तोंड फिरवून शेजारणीशी बोलायला लागले. तू तर माझं माप घेत होतीस!

मग मात्र मी रडले. भांडी तशीच पडली, दूध उतू गेलं, हे पाळीवरून आले आणि दारातच थबकले. म्हणाले, “ब्लाउज तर झ्याक बसलाय, मग रडतीयास कशापायी?”

परवा मी पणदऱ्याला जाऊन आले. तुझी सून वैशाली तुझ्या मशीनवर बसायला लागलीय, माहीत आहे का तुला? तिची शिवण अजून वाकडी जाते, पण पाय चांगला चालतो. मी ओसरीवर रंगाची डबी उघडली आणि तिचं नि मशीनचं चित्र काढलं. आर्या शेजारी बसून पाणी बदलून देत होती. मशीनचा काळा रंग कागदावर नुसता काळा ठेवला तर मेल्यासारखा दिसतो. त्यात निळा मिसळला आणि खिडकीकडच्या बाजूला कागद कोरा सोडला. चित्र बरं उतरलं. वैशाली म्हणाली, “मावशी, माजं नाक येवढं मोठं हाय व्हय?”

दाजी बाजेवर बसून बघत होते. तू गेल्यापासून ते फार बोलत नाहीत. मी त्यांच्या हातात कार्ड दिलं आणि सगळी हकिगत सांगितली. गाईचं चित्र बघून ते हसले. तुझ्याकडून ती गोष्ट त्यांनी ऐकलेली होतीच. मग आतलं वाचलं, हळूहळू, ओठ हलवत. मी धीर करून विचारलं, “दाजी, आक्काचा माझ्यावर राग होता का हो?”

“व्हता की,” दाजी म्हणाले. मी खाली बघितलं. तर ते म्हणाले, “पर त्यो डाळिंबी शिवताना न्हवता. दोन दिस मला धारा काढाया लावल्या तिनं त्येच्यापायी. मी म्हणलं, कुणाचं येवढं तातडीचं हाय? तर म्हणली, सुमीचं.”

कार्ड त्यांनी मला परत दिलं नाही. शर्टाच्या खिशात घातलं. मीही मागितलं नाही.

आक्का, ‘चुकलं’ हा माझा शब्द तुझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. तरी तू कापड आणलंस, माझ्या पसंतीचा गळा कापलास, जनावरांचं काम दाजींवर टाकून शिवत बसलीस आणि तो भर मांडवात माझ्या ओटीत घातलास. मी माफी मागायची वाटसुद्धा बघितली नाहीस तू.

आणि मी काय केलं? आषाढात आपण वहिनीकडं भेटलो तेव्हा मी आलेच दुसरा ब्लाउज घालून. तुझी नजर माझ्या दंडावर गेली असेल ना? ‘सुमीनं अजून मनातनं काढलं न्हाय’, असं वाटलं असेल ना तुला? मला रात्रंदिवस हेच खातंय. माझ्यापायी तू महिनाभर तरी हिरमुसली राहिली असशील, आणि मला त्याची गंधवार्ता नाही.

पण मी तुला एक विचारते, आणि थोरली म्हणून गप्प करू नकोस. तोंडानं सांगायला काय झालं होतं तुला? ‘सुमे, तुझा ब्लाउज शिवलाय’, एवढंच! जित्त्या माणसाला विचारायचं असतं म्हणालीस, मग जित्त्या माणसाला सांगायचंही असतं की! मी एक शब्द खणात कोंबला, तू अख्खा ब्लाउज. दोघी एकाच आईच्या, दुसरं काय.

आता ते दोन राहिलेत, मोरपंखी आणि विटकरी. त्यांच्यात काय होतं कोण जाणे. कुठल्या तरी गावात एखादी बाई घडी मोडेल, आत माझ्या मापाचा ब्लाउज निघेल, आणि ही एवढी रुंद बाई कोण म्हणून ती विचार करत बसेल! ते डोळ्यांसमोर आणून मी काल एकटीच हसले. मग पुन्हा डोळे भरले.

तर आता शब्द देते, नीट ऐक. हा डाळिंबी मी ठेवणीत ठेवणार नाही. बाजाराला, बँकेत, कुणाच्या कार्याला, विरेपर्यंत घालणार. कुणी विचारलं तर सांगणार, आक्कानं शिवलाय. आणि ते दोन खण मी शोधून काढणार आहे. कुणाला दिले ते आठवायला दोन दिवस लागले, पण आठवलं. एकेकीला फोन लावतेय. ज्या बाईकडं निघतील तिच्या दारात जाऊन उभी राहीन आणि नवा खण देऊन तो मागून घेईन. वेडी म्हणतील, म्हणू देत. आत कदाचित काहीच नसेल, नुसतं कापड निघेल. तरी घडी मीच मोडीन आणि पणदऱ्याला नेऊन वैशालीकडून शिवून घेईन. आणि ती शिवत असेल तोवर समोर बसून, मला तिला जे जे म्हणून सांगायचं असेल, ते तोंडानं सांगीन.

तुझी धाकटी,
सुमी